अकरा जणांचा ऑर्केस्ट्रा, एकच सभागृह: गेम-संगीताच्या रिमिक्स अल्बमचा रिव्हर्ब आणि मास्टरिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या व्हिडिओ गेममधल्या चाली घेऊन अकरा संयोजकांनी (चाल ऑर्केस्ट्रासाठी नव्याने बांधणाऱ्यांनी) मिळून सोळा ट्रॅकचा ऑर्केस्ट्रा अल्बम केला आहे. प्रत्येकाची सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) वेगळी, प्रत्येकाचा रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा देणारा इफेक्ट) वेगळा. दोन ट्रॅकमध्ये घरी रेकॉर्ड केलेलं खरं व्हायोलिन आणि फ्लूट आहे. सगळं एकाच ठिकाणी वाजल्यासारखं वाटावं म्हणून मास्टर बसवर (सगळे आवाज एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनलवर) कोणता रिव्हर्ब लावावा, आणि शेवटी किती एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापावर) मास्टर करावं?

पहिल्या भागाचं उत्तर: मास्टर बसवर कुठलाच लावू नका. रिव्हर्ब नंतर घालता येतो, नंतर काढता येत नाही. पूर्ण मिक्सवर हॉल चढवला की आधीच ओला, म्हणजे घुमारा असलेला, ट्रॅक आणखी भिजतो आणि कोरडा ट्रॅक जेमतेम ओला होतो. दोघांतलं अंतर होतं तेवढंच राहतं. शिवाय तो रिव्हर्ब टिंपनी, डबल बेस आणि बेस ड्रमलाही तेवढाच लागतो, आणि खालचे सूर एकमेकांत कालवले जातात.

घुमाऱ्यावर घुमारा चढवला की नेमकं काय होतं तेही पाहा. दोन सेकंदांच्या हॉलवर दुसरा दोन सेकंदांचा हॉल लावला तर शेपूट (सूर थांबल्यावर विरत जाणारा घुमारा) चार सेकंदांची होत नाही. पण एका हॉलचा घुमारा स्वराबरोबर लगेच भरतो आणि मग विरत जातो, तर दोन हॉल एकामागे एक लागले की घुमारा हळूहळू चढतो, काही क्षणांनी शिखरावर येतो आणि मग उतरतो. स्वराची सुरुवातच पुसट होते. स्पिकाटो (गज उसळवून तोडक्या सुरांत वाजवलेल्या) स्ट्रिंग्सचं टोक जातं, आणि शेजारच्या इमारतीत कुणीतरी वाजवतंय असं वाटू लागतं. हे ईक्यूने (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टने) दुरुस्त होत नाही, कारण बिघाड वेळेतला आहे, टोनमधला नाही.

म्हणून अशा अल्बमचं खरं काम मास्टरिंगच्या बरंच आधी, स्टेम (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या ऑडिओ फाइल्स) मागवताना सुरू होतं. अल्बमचा हॉल एका माणसाने ठरवायचा आणि एकाच माणसाने लावायचा. अकरा जणांनी आपापल्या घरी 'साधारण तसाच' रिव्हर्ब लावला तर अकरा हॉल तयार होतात.

सॅम्पलमध्ये आधीच कोणती खोली आहे?

रिव्हर्ब निवडण्याआधी हे कळायला हवं. सॅम्पल बनवणाऱ्या स्पिटफायर कंपनीच्या बऱ्याच ऑर्केस्ट्रा लायब्ऱ्या लंडनच्या एअर स्टुडिओतल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये रेकॉर्ड झाल्या आहेत. ही मूळची चर्चची इमारत, तिचा घुमारा प्रत्येक सॅम्पलमध्ये मुरलेला आहे. त्यांचीच बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा मात्र मेडा व्हेल स्टुडिओतली, म्हणजे कंपनी एक असूनही खोली वेगळी. ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका टेल्डेक्स स्टुडिओतली. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्स सिडनीच्या ट्रॅकडाउन स्टेजवरची. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीची जुनी सॅम्पल्स 'सायलेंट स्टेज'वर, जवळजवळ कोरडी रेकॉर्ड केलेली. त्यांचीच नवी मालिका सिंक्रॉन स्टेजच्या मोठ्या हॉलमधली.

त्यात माइकचा प्रश्न आहे. एकाच लायब्ररीत क्लोज (वाद्याजवळचे), ट्री (कंडक्टरच्या डोक्यावरचे) आणि अँबियंट (दूरचे) असे माइक असतात. कुणी फक्त क्लोज वापरतो, कुणी तिन्ही उघडतो. त्यामुळे 'माझ्याकडे अमुक लायब्ररी आहे' एवढ्यावरून काही कळत नाही. कोणते माइक किती उघडे आहेत हे लिहून मागवा.

त्याहून भरवशाची एक चाचणी आहे. सगळ्यांना एकच छोटी मिडी फाइल (आवाज नव्हे, फक्त सुरांच्या सूचना असलेली) पाठवा. तीत चारच गोष्टी: व्हायोलिनचा एक स्पिकाटो सूर, ट्रंपेटचा दोन सेकंद धरून एकदम सोडलेला सूर, चेलोचा एक पिझिकाटो (बोटाने छेडलेला सूर) आणि टिंपनीचा एक ठोका. प्रत्येकानंतर ६ सेकंद शांतता. प्रत्येकाने ती आपल्या नेहमीच्या टेम्प्लेटमधून (वाद्यं आणि रिव्हर्ब लावून तयार ठेवलेल्या मांडणीतून) दोनदा रेंडर करायची, एकदा रिव्हर्बसकट आणि एकदा सगळे रिव्हर्ब प्लगइन बायपास करून. बावीस फाइल्स एका सेशनमध्ये एकाखाली एक लावा. ट्रंपेट सुटल्या क्षणापासून मीटर पाहा: पातळी ५ डीबीने उतरल्यापासून ३५ डीबीने उतरेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा आणि दुप्पट करा. तो त्या टेम्प्लेटचा डिके, म्हणजे घुमारा ६० डीबीने विरायला लागणारा वेळ. पूर्ण ६० डीबी मोजायला जाऊ नका. सॅम्पलच्या तळाशी रेकॉर्डिंगची खरखर असते आणि शेवटचा भाग तिच्यात बुडतो.

बायपास केलेल्या फाइलमध्ये ट्रंपेट अर्ध्या सेकंदाच्या आत संपला तर ती लायब्ररी कोरडी समजा. दीड सेकंदाच्या वर गेला तर ओली. मधल्या आकड्यांना कान लावा: सूर सुटल्यावर खोली ऐकू येते का, की नुसता सॅम्पलचा रिलीज? या एका संध्याकाळच्या कामातून पुढच्या महिन्याभराची भांडणं वाचतात, कारण 'तुझा ट्रॅक जास्त ओला आहे' हे मत राहत नाही, आकडा होतो.

हॉल कोणता आणि किती?

लक्ष्य म्हणून १.८ ते २ सेकंद धरा. व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन आणि बॉस्टनचा सिंफनी हॉल यांचा डिके प्रेक्षक भरलेले असताना दोन सेकंदांच्या आसपास आहे, आणि सिंफनी ऑर्केस्ट्राला हाच आकडा मानवतो. गेम-संगीतात टेंपो जास्त आणि स्वररचना दाट, म्हणून किंचित खालच्या बाजूला राहिलेलं बरं. साडेतीन सेकंदांचे 'कॅथीड्रल' प्रीसेट एकट्या हॉर्नवर भव्य वाटतात. पूर्ण ऑर्केस्ट्रावर तेच आठ मात्रांत चिखल करतात.

कोरड्या आणि ओल्या लायब्रऱ्यांना वेगवेगळी वागणूक लागते. कोरड्या सॅम्पलला दोन गोष्टी हव्या असतात: सुरुवातीची परावर्तनं, ज्यांवरून वाद्य स्टेजवर कुठे बसलं आहे ते कळतं, आणि नंतरची शेपूट, जिच्यावरून सभागृह कळतं. ओल्या सॅम्पलमध्ये पहिली गोष्ट आधीच आहे. त्याला फक्त शेपूट द्यायची, रिव्हर्बमधली अर्ली रिफ्लेक्शन्स पूर्ण बंद करून. ती चालू ठेवली तर एकाच वाद्याला दोन भिंती मिळतात आणि ते नेमकं कुठे बसलंय हे कानाला ठरवता येत नाही.

त्यामुळे दोन रिव्हर्ब ठेवा. परावर्तनांसाठी कन्व्होल्यूशन (खऱ्या हॉलच्या नोंदीवर चालणारा) चांगला, कारण खऱ्या हॉलच्या भिंतींचं अंतर त्यात जसंच्या तसं येतं. शेपटीसाठी अल्गोरिदमिक (गणिताने घुमारा बनवणारा) बरा, कारण तिची लांबी, खालच्या-वरच्या सुरांचा डिके आणि घनता सुटी सुटी बदलता येते. कन्व्होल्यूशनचा डिके ओढूनताणून बदलला की लगेच खोटा वाटतो. अल्गोरिदमिकमध्ये एक सापळा आहे: मॉड्युलेशन, म्हणजे घुमाऱ्याचा सूर सतत किंचित हलवणं. ते शेपटीला गुळगुळीत करतं, पण पियानो, हार्प, चेलेस्टा आणि एकट्या फ्लूटच्या लांब सुराखाली हेलकावा ऐकू येतो, जणू वाद्य बेसूर होतंय. ही वाद्यं असलेल्या ट्रॅकमध्ये मॉड्युलेशन अगदी कमी किंवा शून्य करा. स्ट्रिंग्स आणि कॉयरला ते चालतं, कारण तिथे मुळातच अनेक गळे आणि अनेक गज असतात.

महागडं प्लगइन सगळ्यांकडे असायला हवं असं मुळीच नाही. संयोजकांना काम करताना साधारण तोच हॉल ऐकू यावा एवढ्यासाठी एक इंपल्स रिस्पॉन्सची (हॉलच्या घुमाऱ्याच्या नोंदीची) वेव्ह फाइल सगळ्यांना द्या. लॉजिकचा स्पेस डिझायनर, क्यूबेसचा रेव्हरन्स, रीपरचा रीआव्हर्ब, एफएल स्टुडिओचा कन्व्हॉल्व्हर, स्टुडिओ वनचा ओपन एअर हे सगळे बाहेरची फाइल उघडतात. साधी दोन चॅनलची फाइल द्या. चार चॅनलची ट्रू स्टिरिओ फाइल सगळीकडे उघडेलच असं नाही. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात अशा बऱ्याच फाइल्स आहेत, पण प्रत्येकीचा परवाना वेगळा असतो. तो वाचूनच वापरा.

आता सुरुवातीचे आकडे. इथून कानाने पुढे जायचं आहे.

ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पुढे बसलेल्या वाद्याचा थेट सूर आधी पोचतो आणि मागच्या भिंतीवरून आलेला बराच नंतर. मागे भिंतीशी बसलेल्या वाद्याचे दोन्ही जवळजवळ बरोबर पोचतात. म्हणून कोरड्या व्हायोलिनना २० ते ३० मिलिसेकंद प्रीडिले (थेट सूर आणि घुमाऱ्याची सुरुवात यांतलं अंतर), वुडविंड्सना १२ ते १८, ब्रास आणि पर्कशनला ० ते १०. बरेच जण उलटं करतात, ब्रास 'मोठं' वाटावं म्हणून त्याला लांब प्रीडिले देतात, आणि मग ट्रंपेट व्हायोलिनच्या पुढ्यात येऊन बसतो. ओल्या लायब्ररीला फक्त शेपूट देताना ३० ते ४० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे सॅम्पलमधल्या खोलीची परावर्तनं आधी निघून जातात आणि आपली शेपूट त्यांच्या मागून जोडली जाते.

रिव्हर्बच्या सेंडवर (रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजावर) १५० ते २०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं काढणारा फिल्टर) आणि ७ ते ९ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं काढणारा) लावा. 'अ‍ॅबी रोड' स्टुडिओच्या नावाने प्रसिद्ध असलेली ६०० हर्ट्झच्या हाय-पासची युक्ती गाण्याच्या आवाजाला छान लागते, पण ऑर्केस्ट्राला लावू नका; चेलो आणि हॉर्नखालचं सभागृहच नाहीसं होतं. खालच्या सुरांचा डिके गुणक १ किंवा त्याहून थोडा कमी, ०.८५ पर्यंत. खऱ्या हॉलमध्ये तो थोडा जास्त असतो हे खरं. पण खऱ्या हॉलमध्ये आठ डबल बेस, पाच ताइको (जपानी ढोल) आणि सिंथचा सब (अगदी खालचा सूर) एकाच वेळी वाजत नसतो.

मात्रा ठरवताना रिव्हर्बचा रिटर्न (रिव्हर्बमधून परत येणारा घुमारा) एकटा सोलो करून त्याचा लाउडनेस मोजा. कोरड्या लायब्ररीच्या ट्रॅकमध्ये तो कोरड्या मिक्सच्या १२ ते १५ एलयू (लाउडनेसचं एकक, एक एलयू म्हणजे एक डीबी) खाली, ओल्या लायब्ररीच्या ट्रॅकमध्ये २० ते २४ एलयू खाली, इथून सुरुवात करा. मग लढाईचा ट्रॅक असेल तर रिटर्न २-३ डीबी कमी, संथ असेल तर २ डीबी जास्त. डिकेला हात लावायचा नाही. हॉल तोच राहतो. ऐकणारा कधी पुढच्या रांगेत असतो, कधी मागच्या. सोळा ट्रॅक एका अल्बमचे वाटण्याचं गुपित एवढंच आहे.

कान खऱ्या सभागृहाला लावून घेणं यात फार महत्त्वाचं. आपल्यापैकी पुष्कळ जणांनी ऑर्केस्ट्रा फक्त स्पीकरमधून ऐकलेला असतो, आणि मग सिनेमाच्या ट्रेलरचा रिव्हर्ब हाच 'खरा' वाटायला लागतो. मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात. तिथे डोळे मिटून एक मोठा कॉर्ड तुटल्यानंतरचे दोन सेकंद ऐका, आणि टिंपनी किती कोरडी ऐकू येते तेही.

मूळ चालीतला प्रतिध्वनी

गेम-संगीतापुरती ही बाब वेगळी आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सुपर निन्टेंडो या जुन्या गेम कन्सोलच्या ध्वनिचिपला ६४ किलोबाइटच मेमरी होती, आणि तीत वाद्यांची सॅम्पल्स, चाल, सगळं बसवायचं असे. चिपमध्ये स्वतःचा एको होता, १६ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी जास्तीत जास्त २४० मिलिसेकंदांपर्यंत. प्रत्येक पायरीला २ किलोबाइट मेमरी द्यावी लागे. म्हणजे पूर्ण एको हवा असेल तर ३० किलोबाइट, जवळजवळ निम्मी मेमरी, त्यातच जाणार. म्हणून त्या संगीतकारांनी वापरलेला एको हा सजावट नसतो. तो परवडणाऱ्या मेमरीतून विचार करून काढलेला असतो, आणि ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांच्या कानात तो चालीचा भाग म्हणून बसलेला असतो.

अशी चाल ऑर्केस्ट्रावर नेताना तो एको रिव्हर्बने दाखवायचा प्रयत्न करू नका. हॉलच्या घुमाऱ्यात स्पष्ट ठोका नसतो, एकोत असतो. तो लिहा: पहिल्या फ्लूटची ओळ दुसऱ्या फ्लूटला किंवा हार्पला तेवढ्याच अंतराने, आवाज दोन पातळ्यांनी कमी करून. ९ किलोमीटर दूरच्या 'एपिक हॉल'पेक्षा ही एक ओळ मूळ चालीशी जास्त प्रामाणिक असते. ट्रॅकमध्ये जुन्या चिपचा स्क्वेअर वेव्ह तसाच ठेवला असेल तर त्याला कोरडा सोडू नका. मोनोत ठेवा आणि कोरड्या वाद्यांची तीच अर्ली रिफ्लेक्शन्स थोडी द्या, मग तो ऑर्केस्ट्राच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्यासारखा वाटतो.

अपवादांना जागा ठेवा. गुहेची किंवा पाण्याखालची चाल असेल आणि संयोजकाने लांब, विचित्र रिव्हर्ब हेतुपुरस्सर लावला असेल, तर तो वेगळा 'इफेक्ट' स्टेम म्हणून मागवा आणि तसाच राहू द्या. सोळात असे दोन ट्रॅक शोभतात. सहा झाले की अल्बमचा हॉल उरत नाही.

घरी रेकॉर्ड झालेली वाद्यं

लहान खोलीची परावर्तनं ५ ते २० मिलिसेकंदांत परत येतात आणि वाद्याला डबा लावल्यासारखं करतात. त्यावर कितीही सुंदर हॉल घाला, डबा हॉलमध्ये ठेवल्यासारखाच ऐकू येतो. डी-रिव्हर्ब प्लगइन थोडी मदत करतं, पण जास्त ओढलं की गजाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून रेकॉर्डिंगच पुन्हा करायला सांगायला संकोच करू नका: वाजवणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या, गोधड्या, रजया टांगायच्या, भिंतीला चिकटून उभं राहायचं नाही, पंखा बंद, माइक व्हायोलिनच्या वर ६० ते १०० सेंटिमीटरवर. फ्लूटचा माइक फुंकर थेट येणार नाही असा थोडा वर आणि बाजूला. मिक्समध्ये २५० ते ४०० हर्ट्झमध्ये जिथे ठोकळा वाटतो तिथे २-३ डीबी कमी करा. एकल वाद्याला अल्बमच्याच हॉलची शेपूट द्या, ३० ते ४० मिलिसेकंद प्रीडिलेने. म्हणजे ते पुढे उभं राहतं पण खोली तीच राहते.

स्टेम कसे मागवायचे

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, वेव्ह. सगळे स्टेम एकाच क्षणी सुरू आणि एकाच क्षणी संपणारे, आधी २ सेकंद आणि शेवटच्या सुरानंतर ८ सेकंद मोकळे. वरच्या स्ट्रिंग्स, खालच्या स्ट्रिंग्स, वुडविंड्स, हॉर्न्स, बाकीचा ब्रास, सूर असलेलं पर्कशन, सूर नसलेलं पर्कशन, हार्प-पियानो-चेलेस्टा, कॉयर, एकल वाद्य, सिंथ असे गट पुरतात. प्रत्येक गट रिव्हर्बशिवाय, आणि संयोजकाचे रिव्हर्ब रिटर्न वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या मनात काय होतं ते ऐकता येतं. मास्टर बसवर लिमिटर (आवाजाची टोकं ठरावीक पातळीवर अडवणारा) नको, पीक −६ डीबीच्या आसपास. सोबत त्याचा स्वतःचा पूर्ण मिक्स, संदर्भासाठी.

स्टेम आले की सगळे शून्यावर ठेवून बेरीज करा आणि संयोजकाच्या लिमिटर नसलेल्या मिक्सची पोलॅरिटी उलटी करून (लहरीची वरची बाजू खाली, खालची वर) त्यात मिसळा. जवळजवळ शांतता यायला हवी. नाही आली तर कारणं बहुधा तीनच असतात. मास्टर बसवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) राहून गेला; मॉड्युलेशनवाला रिव्हर्ब प्रत्येक रेंडरला वेगळा वाजला; किंवा स्टेम एकेक करून काढले आणि लायब्ररीच्या राउंड रॉबिनने दर वेळी वेगळं सॅम्पल निवडलं. तिसऱ्या कारणावर उपाय म्हणजे सगळे स्टेम आणि मिक्स एकाच रेंडरमध्ये काढणं. बेरीज पूर्ण शून्य झालीच पाहिजे असा हट्ट नको, पण एखादा हॉर्नचा स्टेम अर्ध्या ट्रॅकपासून गायब आहे हे इथेच सापडतं.

एखादी फाइल ४४.१ किलोहर्ट्झची असून सेशनने ती ४८ ची समजून वाजवली तर ती जवळपास ९ टक्के जलद आणि दीड सेमीटोन वर जाते. एवढं कुणाच्याही लक्षात येतं. लक्षात येत नाही ती एमपीथ्रीवरून परत वेव्ह केलेली फाइल. स्पेक्ट्रम पाहा: १६ किंवा २० किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सपाट कड दिसली तर मूळ फाइल मागवा.

मास्टरिंग

आता प्रश्नाचा दुसरा भाग. एकच एलयूएफएस आकडा ठरवून सोळाही ट्रॅक त्यावर नेणं ही ऑर्केस्ट्रा अल्बममध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. गावाची शांत चाल आणि शेवटच्या शत्रूची लढाई सारख्याच मोठ्या ऐकू आल्या तर लढाई लहान होते.

मॉनिटरची पातळी एकदा ठरवा आणि पुढे नॉबला हात लावू नका. लहान खोलीत पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) वापरून ७६ ते ७९ डीबी एसपीएल ठीक आहे. अल्बमच्या क्रमाने सगळे मिक्स लावा. आधी सर्वांत मोठा ट्रॅक घ्या, त्याचा कळस कानाला भरपूर पण न बोचणारा होईल असा ठेवा. मग बाकीचे त्याच्या तुलनेत, नुसत्या गेनने. ईक्यू नाही, लिमिटर नाही. हे झालं की निम्मं मास्टरिंग झालं. मोठा ट्रॅक −१४ एलयूएफएसच्या आसपास, मधले −१६ ते −१८ आणि शांत −२० ते −२२ असे साधारण पडतात. तुमचे त्याहून वेगळे पडले तरी चालेल. मोजायला यूलीनचं लाउडनेस मीटर फुकट मिळतं.

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ एलयूएफएसशी जुळवून घेतं, पण अल्बम सलग ऐकला तर पूर्ण अल्बमला एकच बदल लावतं, म्हणजे ट्रॅकांतली उंचसखलता टिकते. यूट्यूब मोठा ट्रॅक खाली आणतं, शांत ट्रॅक वर नेत नाही. बँडकँपवरून विकत घेऊन डाउनलोड केलेल्या फाइलला कुणी हात लावत नाही. तिन्ही ठिकाणी अल्बम जोरात ढकलण्याचा काहीच फायदा नाही. ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) −१ डीबी ठेवा. एएसी किंवा ऑग होताना पीक थोडे वर जातात, त्यांना तेवढी जागा लागते.

कॉम्प्रेसर लावायचाच तर १.३ ते १.५ रेशो, ३० ते ५० मिलिसेकंद अ‍ॅटॅक, कळसावर १ ते १.५ डीबी. लिमिटर फक्त ताइको, टिंपनी, झांजांच्या टोकांवर, २ डीबीपर्यंत. तो ३ डीबीच्या पुढे जायला लागला तर लिमिटर बदलू नका. पर्कशनचा स्टेम दीड डीबी खाली घ्या. स्टेम मागवले त्याचा हा दुसरा फायदा.

आणि इथे रिव्हर्ब परत येतो. लिमिटरने टोकं ४ डीबी दाबली आणि तेवढा गेन वर दिला, की ज्याला टोक नाही ते सगळं ४ डीबी वर येतं. शेपटीला टोक नसतं. मिक्समध्ये अचूक वाटलेला घुमारा मास्टरनंतर जास्त वाटतो याचं कारण हेच. म्हणून रिव्हर्बची शेवटची मात्रा मास्टरची साखळी चालू ठेवूनच ठरवा. त्यासाठी मिक्स आणि मास्टर वेगळ्या माणसांकडे असतील तर मास्टर करणाऱ्याने रिटर्न १ डीबी कमी आणि १ डीबी जास्त असे दोन पर्यायी मिक्स मागून ठेवावेत.

ईक्यू रुंद आणि कमी, १ ते दीड डीबी. या प्रकारच्या अल्बममध्ये दोनच जागा पुन्हा पुन्हा त्रास देतात. २०० ते ३५० हर्ट्झमध्ये सगळ्या खोल्यांचा घुमारा साठतो. २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये सॅम्पल व्हायोलिन जोरात वाजवली की कानाला टोचतात. तिथे डायनॅमिक ईक्यू (आवाज वाढला तरच कापणारा), आणि तोही शक्यतो व्हायोलिनच्या स्टेमवर. २५ हर्ट्झच्या खाली ट्री माइकनी पकडलेली स्टुडिओची गुरगुर असते, ती हाय-पासने काढा. खालचे सूर पूर्ण मोनो करू नका. डबल बेस उजवीकडे बसलेले असतात, त्यांना मध्ये ओढलं की स्टेज अरुंद होतं. विनाइल काढायचं असेल तर मात्र तो विचार करावा लागतो.

संयोजकांना मास्टर ऐकायला पाठवताना त्यांचा मूळ मिक्स आणि मास्टर सारख्याच लाउडनेसवर आणून पाठवा. नाहीतर जे मोठं आहे तेच चांगलं वाटतं आणि मतं निरुपयोगी होतात. दोन फेऱ्या ठरवा आणि तारीख आधीच जाहीर करा.

ट्रॅकांमधलं अंतर शेवटच्या शेपटीनंतर मोजा, शेवटच्या सुरानंतर नाही. साधारण २ ते ४ सेकंद. एक ट्रॅक दुसऱ्यात न थांबता जात असेल तर दोन्ही एकाच सेशनमधून सलग काढून मग कापा. सीडीसाठी तो काप ५८८ सॅम्पलच्या पटीत पडायला हवा, कारण सीडीची फ्रेम तेवढी असते. नाहीतर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि जोडावर टिच ऐकू येतो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची प्रत काढताना टीपीडीएफ डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) एकदाच, अगदी शेवटी. डिदर न करता बिट कमी केले तर त्रास कुठे ऐकू येतो? विरत जाणाऱ्या शेपटीत, तिथे घुमारा विरायच्या ऐवजी खरखरत तुटतो.

मूळ संगीताचा परवाना, मूळ संगीतकार आणि संयोजक दोघांची नावं, प्रत्येक ट्रॅकचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळखखूण) हे सगळं फाइल अपलोड करण्याच्या दिवशी शोधत बसू नका.

सगळं तयार झाल्यावर एक शेवटचं काम उरतं. हेडफोन लावा, आवाज नेहमीपेक्षा १० ते १२ डीबी वाढवा, आणि सोळाही ट्रॅकचे फक्त शेवटचे दहा सेकंद ऐका. पुढचा ट्रॅक सुरू होण्याआधी हात स्टॉपवर ठेवा. शेपूट मध्येच कापली गेली आहे, फेडखाली माइकची खरखर एकदम बंद पडते आहे, किंवा कुणाच्या सॅम्पलरचा एखादा सूर सुटायचा राहून शेवटपर्यंत बारीक वाजतो आहे, हे फक्त इथेच कळतं. सापडलं तर त्या एका ट्रॅकचा स्टेम पुन्हा मागवा आणि फेड शेपटीपेक्षा एक सेकंद लांब ठेवा.